धाकाच्या घरातून बाहेर : मराठी आत्मकथनांतील मुलांचे सावरणे

१

मराठीत 'धाक' हा शब्द बहुधा गुणवाचक म्हणूनच वापरला जातो. ज्या घरातील मुलांना वडिलांचा धाक नाही ते घर बिघडले, असे आपण सहज बोलून जातो. जरब, वचक, दरारा हे त्याचे सगेसोयरेही आपल्या बोलण्यात अशाच मानाने वावरतात. भीतीला एकदा शिस्त असे नाव मिळाले की तिची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. आणि चौकशी झालीच तर 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण तिच्या आड येते. प्रस्तुत लेखात ही चौकशी करावयाची आहे. समाजशास्त्रज्ञाची साधने प्रस्तुत लेखकापाशी नाहीत. म्हणून ती वाङ्मयसमीक्षेच्या मर्यादेतच केली आहे. घरातील कर्त्या माणसाने मारहाणीने, हुकमाने वा संशयाने सारे घर मुठीत ठेवलेले असता त्या घरात वाढलेले मूल पुढे कसे सावरते, याविषयी मराठी आत्मकथने काय सांगतात, आणि ती जे सांगतात ते आपली समीक्षा ऐकते काय, हे दोन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

हा विषय निवडण्याचे कारण वर्गातले आहे. नांदेड-लातूरकडील पदव्युत्तर वर्गांत दलित आत्मकथने व 'स्मृतिचित्रे' शिकविताना आपण जातीविषयी, दारिद्र्याविषयी, भाषेविषयी पुष्कळ बोलतो. घरातल्या भीतीचा प्रसंग आला की मात्र 'त्या काळी असे चालायचे' असे एखादे वाक्य टाकून पुढे जातो. समोरच्या बाकांवर बसलेल्यांपैकी काहींच्या घरी ते आजही चालू असते. शिक्षकाने सहज उच्चारलेले ते वाक्य अशा विद्यार्थ्याच्या कानी पडते तेव्हा तो त्यातून स्वतःपुरता एक निकाल ऐकतो.

प्रथम संज्ञेविषयी. घरगुती हिंसा म्हणजे केवळ मारहाण, ही समजूत अपुरी आहे. इव्हान स्टार्क या अमेरिकन अभ्यासकाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, अशा घरांत प्रहार क्वचितही होत असेल, परंतु नियंत्रण अष्टौप्रहर चालते. कोणी कोठे जावे, कोणाशी बोलावे, पैसा कोणापाशी असावा, ताटात काय वाढावे, यांवर एकाची सत्ता असते. भारतातील २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानेही शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ हिंसेच्या व्याख्येत घेतला आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित अथवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्या घरांत दाराआड उभी राहून ऐकणारी मुले किती, हे या आकड्यातून कळत नाही. ते सांगण्याचे काम पुष्कळ अंशी वाङ्मयाकडे आले आहे.

२

हिंसा पाहणाऱ्या सर्वच मुलांचा अनुभव एका जातीचा नसतो, हे आरंभीच स्पष्ट व्हावे म्हणून लातूर परिसरातील एका ग्रंथाकडे वळतो. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढच्याच वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लातूरजवळचे धनेगाव, गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेली जमात, केव्हाही झोपडीत शिरणारे पोलीस, आणि पुढे लातूरच्या सूतगिरणीतील कामगारजीवन, असा या कथनाचा पट आहे. यातील मूल मारहाण पाहते, आणि ती अतिशय क्रूर असते. परंतु ती बाहेरून आत येते. मारणारा खाकी पोशाखात असतो आणि मार खाणारी सर्व माणसे आपली असतात. पोलीस निघून गेल्यावर मुलाला ज्यांच्या कुशीत शिरावयाचे, ती कूस शिल्लक असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये मुलांसाठी निवासी बालगृहे चालविताना ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम यांच्या नजरेस हीच गोष्ट वेगळ्या रूपात आली होती. बाँबवर्षावाखाली असूनही आईजवळ असलेली लहान मुले बरीचशी स्थिर राहत. सुरक्षित गावी पाठविलेली, पण आईपासून तुटलेली मुले अधिक खचत. यावरून असे म्हणता येते की, मुलाचे भय प्रहाराच्या तीव्रतेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, आश्रय शाबूत आहे की नाही यावर अवलंबून असते.

नियंत्रक पित्याच्या घरात नेमका हा आश्रयच दुभंगलेला असतो. ज्याच्यापासून पळावयाचे आणि ज्याच्याकडे पळावयाचे तो माणूस एकच. आई असते, पण ती स्वतः भयभीत असल्याने तिचे सांत्वनही चोरून करावे लागते. 'उचल्या'तील मूल संतापू शकते, कारण त्याचा शत्रू निःसंदिग्ध आहे. धाकाच्या घरातील मुलाला तसा निर्भेळ संताप परवडत नाही. ते त्याच माणसावर प्रेमही करीत असते. सावरण्याचा प्रश्न अवघड होतो तो येथे.

३

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. या ग्रंथाच्या प्रसन्न विनोदाची स्तुती इतकी झाली आहे की, त्या विनोदाखाली काय आहे हे पाहण्याची सवयच आपणास राहिली नाही. आरंभीची प्रकरणे नानांच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, सोवळ्याची आहेत. १८५७ च्या धामधुमीत नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या आघाताशी लक्ष्मीबाईंनी या वेडाचा उगम जोडला आहे. त्यानंतर घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाऊ लागली. मीठ-साखरेसारखे पदार्थही त्यातून सुटले नाहीत. वाचक हसतो, आणि हसावे अशीच लेखिकेची इच्छा आहे. पण या घराचे व्यवस्थापन तपासून पाहावे : काय खावे, कशास शिवावे, कोठे उभे राहावे, हे सर्व एका माणसाच्या भयावरून ठरते आणि घरातील इतर सर्वांचे जीवन त्या भयाच्या चाकरीत जाते. यालाच वर नियंत्रण म्हटले.

लक्ष्मीबाई वडिलांना खलपुरुष करीत नाहीत. त्यांच्या वेडामागचे दुःख त्या सांगतात. मात्र ते सांगितल्यामुळे त्या वेडाचा जाच त्यांच्या लेखणीत सौम्य झालेला नाही. कारण देणे वेगळे आणि समर्थन करणे वेगळे, हा विवेक त्यांनी कोठेही सोडलेला नाही. मुलीने बापाच्या राज्याकडे वयाच्या साठीनंतर वळून पाहिले आणि त्यातील हास्यास्पद भाग नेमका दाखविला, तेव्हा ती त्या राज्यातून खऱ्या अर्थाने मोकळी झाली होती. भीती ताजी असताना असा विनोद सुचत नाही. म्हणून या ग्रंथातील विनोदाला 'सोशिक स्त्रीचा हसरा स्वभाव' म्हणून गौरविणे हे मला अन्यायाचे वाटते. तो स्वभाव नव्हे. ती एका दीर्घ कामाची फलश्रुती आहे.

याच ग्रंथात दुसरेही एक मूल आहे, ते म्हणजे नारायण वामन टिळक. त्यांच्या वडिलांचा स्वभाव कठोर होता. आईच्या मृत्यूनंतर टिळकांनी बालवयातच घर सोडले, नाशिक गाठले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे विद्या केली. पुढे ते फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेले. त्यांच्या घरात परक्या मुलांना आसरा मिळाला. परंतु लक्ष्मीबाईंनी त्यांचा अनावर कोपही तितक्याच स्पष्टपणे नोंदविला आहे. कोमलता आणि कोप ही दोन्ही एकाच माणसात राहिली. बालपणीच्या धाकातून सुटलेला माणूस सर्वांगाने एकदम सावरतो असे नाही, आणि एका अंगाने सावरला म्हणजे दुसरे अंग बरे झाले असेही नाही. टिळकांचे हे चित्र रंगविताना लेखिकेने त्यांना देवही केले नाही आणि आरोपीही केले नाही, हे तिचे मोठेपण होय.

येथे 'श्यामची आई' (१९३५) या ग्रंथाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की, आईच्या मारानेच श्याम घडला. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते, तो प्रसंग सर्वांना परिचित आहे. मात्र त्या प्रसंगाचा उत्तरार्ध विसरला जातो. आई नंतर त्याला जवळ घेते, त्याचे वळ पाहते, आपण का मारले ते सांगते. मारलेच पाहिजे होते काय, हा वाद बाजूस ठेवला तरी एवढे निश्चित, की श्यामच्या मनात राहिली ती ही जवळीक. नियंत्रक माणूस कारण सांगत नाही आणि वळही पाहत नाही. 'मार खाल्ला म्हणून मी घडलो' असे म्हणणारा पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी मायेने घडलेला असतो आणि श्रेय मात्र माराला देतो.

४

हा 'दुसरा कोणी तरी' आता पाहू. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. येथील पित्याची सत्ता रोजच्या मारहाणीची नाही. गावचा पाटील असलेला बाप मुलाला नाव देत नाही, आणि आईचे सारे आयुष्य त्याच्या इच्छेवर लोंबकळते. नाकारणे हेही नियंत्रणाचेच एक रूप आहे. या मुलाला वाढविते ती आजी संतामाय, आणि तिच्यासमवेत राहणारा महमूद दस्तगीर जमादार, ज्याला लेखक दादा म्हणतो. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही, घरात पोटभर अन्नही नाही. तरीही हन्नूरकडच्या त्या उपासमारीच्या जगात मुलाला 'आपला' म्हणणारा एक पुरुष भेटतो, आणि तो पुरुष त्याच्यावर कोणताही हक्क सांगत नाही.

एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. ज्या मुलांच्या वाट्यास दारिद्र्य, कलह, आजार असे अनेक आघात एकत्र आले होते, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे समर्थ व ममताळू प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसून आलेली गोष्ट म्हणजे निदान एका विश्वासू मोठ्या माणसाची अखंड सोबत. आजी-आजोबा, शेजारी वा शिक्षक. संतामाय आणि दादा यांचे स्थान या प्रकाशात पाहिले पाहिजे. समीक्षेने दादाकडे बहुधा जात-धर्माच्या प्रश्नाचे एक उदाहरण म्हणून पाहिले. ते योग्यच, पण अपुरे. मुलाच्या दृष्टीने दादा हे उदाहरण नव्हे, आधार आहे.

या ग्रंथाचा शेवटचा टप्पा आपल्या भागात येतो. लेखक टेलिफोन ऑपरेटर म्हणून अहमदपुरास व पुढे लातुरास येतो. नोकरी मिळते, संसार मांडला जातो, पण लातुरात भाड्याची खोली मिळविण्याचा प्रश्न जातीपाशी येऊन अडतो. सावरणे ही केवळ मनाच्या आतली घटना नाही, हे या प्रकरणांइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसते. डोक्यावर छप्पर नाही, दाराला आपली कडी नाही, तोवर मनाची जखम भरण्याची भाषा पोकळ ठरते. जुडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याच्या ज्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्यांतील पहिली सुरक्षितता हीच आहे. आठवणे व शोक करणे ही दुसरी, आणि पुन्हा माणसांत येणे ही तिसरी. पहिली पायरी चुकवून दुसरीवर चढविण्याचा आग्रह मुलाला पुन्हा जखमी करतो.

५

दुसऱ्या पायरीचे, म्हणजे आठवण्याचे, दोन अगदी भिन्न प्रकार 'बलुतं' (१९७८) आणि 'जिणं आमुचं' (१९८६) यांत आढळतात.

दया पवारांनी आपले कथन एका संवादात बसविले आहे. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. दोघे एकच आहेत, आणि एक नाहीतही. या रचनेची चर्चा तंत्र म्हणून झाली आहे. येथे तिच्याकडे गरज म्हणून पाहावयाचे आहे. जे मूल वडिलांच्या व्यसनाच्या सावलीत व समाजाच्या पायाखाली वाढले, त्याला बोलते करण्यासाठी ऐकणारा कोणी लागतो. असा ऐकणारा बाहेर न मिळाल्याने लेखकाने तो स्वतःमध्येच निर्माण केला. ग्रंथाचा अधिक धैर्याचा भाग पुढे आहे. पहिल्या पत्नीवर, सईवर, आपण घेतलेला संशय आणि त्यातून मोडलेला संसार दगडू लपवीत नाही. धाकाच्या वातावरणातून आलेला मुलगा स्वतः संशयाने घर मुठीत घेऊ पाहतो; हे दुष्टचक्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवणारा मराठीतील तो विरळा पुरुष आहे. मात्र याचा अर्थ असा नव्हे की, छळ पाहिलेला प्रत्येक मुलगा छळवादी होतो. तसा समज पसरविणे म्हणजे मुलाच्या कपाळी दुसरा शिक्का मारणे. चक्र तुटते ते कबुलीच्या जागी, आणि ही जागा कोणालाही निवडता येते, एवढेच 'बलुतं' सांगते.

बेबी कांबळे यांचे लेखन 'स्त्री' मासिकातून १९८२ मध्ये क्रमशः आले व चार वर्षांनी ग्रंथरूप झाले. वडील दिलदार, दानशूर. पण आईला घराबाहेर पाऊल टाकू न देणारे. दानशूरपणा बाहेरच्यांसाठी आणि कोंडवाडा घरच्यांसाठी, ही विभागणी बेबीताईंनी मुलीच्या नजरेने अचूक टिपली आहे. कोंडलेल्या आईचा स्वभाव पुढे कसा कडवट झाला हेही त्या सांगतात. मुलाला आईपासून तोडणे हे नियंत्रणाचे सर्वांत सूक्ष्म काम असते : आई बंदिस्त राहून राहून मुलांवरच चिडते आणि मुले समजतात की आईच वाईट. लेखिकेने प्रौढपणी आईकडे वळून ती चीड कोठून आली हे ओळखले. सावरण्याचा एक मोठा भाग हा असतो : ज्याला दोष दिला त्याचा हिशेब पुन्हा तपासणे.

परंतु या ग्रंथात सांगितले आहे त्याइतकेच, न सांगितलेलेही महत्त्वाचे आहे. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला. त्यासोबतच्या मुलाखतीत बेबीताईंनी पतीच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी सांगितले, आणि हे लेखन आपण वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते हेही सांगितले. मूळ ग्रंथात समाजाच्या सुनांचे हाल आहेत. स्वतःच्या पाठीवरचे वळ नाहीत. हे मौन म्हणजे अप्रामाणिकपणा असे कोणी समजू नये. माणूस किती बोलेल हे त्याला किती सुरक्षित वाटते यावर ठरते. समाजाच्या कथेत तिला आधार होता, म्हणून ती कथा आधी आली. पुढे त्यांनी फलटणजवळ निंबुरे येथे मुलांसाठी निवासी शाळा चालविली. हर्मन यांच्या तिसऱ्या पायरीचे याहून स्वच्छ उदाहरण शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही.

६

आता समीक्षेविषयी. या चारही ग्रंथांच्या वाचनात आपण एक चूक सातत्याने करीत आलो आहोत. छळाच्या कथेचा परिपाक क्षमेत व्हावा अशी आपली अपेक्षा असते. लेखकाने वडिलांविषयी शेवटी दोन हळवे शब्द लिहिले की आपण 'परिपक्व दृष्टी' म्हणतो. न लिहिले की 'कटुता' म्हणतो. वरील ग्रंथांतून मात्र असे दिसते की, क्षमा ही सावरण्याची अटही नाही आणि कसोटीही नाही. लक्ष्मीबाईंनी वडिलांना समजून घेतले, पण त्यांचे सोवळे माफ केले नाही. लिंबाळ्यांनी बापाला जाब विचारणे सोडले नाही. दगडूने क्षमा मागण्याची बाजू पत्करली, आणि बेबीताईंनी बोलण्याची वेळ स्वतः निवडली. चौघे चार वाटांनी गेले. त्यांत समान एवढेच की, काय घडले याचा अर्थ लावण्याचा अधिकार मारणाऱ्याच्या हातून मुलाच्या हाती आला. 'तुझ्या भल्यासाठीच' हे वाक्य बापाचे असते. 'ते भले नव्हते' असे म्हणता येणे हे सावरणे. हळवेपणा त्यानंतर येवो वा न येवो.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. आत्मकथन लिहिणारा हा सावरलेलाच असतो. जे सावरले नाहीत त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. मग चार लेखकांवरून सर्व मुलांविषयी कसे बोलावे? आक्षेप खरा आहे. लेखन हा सर्वांना साधणारा उपाय नाही, आणि समीक्षेने त्याला उपचाराचा दर्जाही देऊ नये. पण या ग्रंथांतून लेखनाआधीच्या ज्या गोष्टी दिसतात, त्या लेखकांपुरत्या नाहीत : घराबाहेर निजण्याची एक जागा, हक्क न सांगणारा एक मोठा माणूस, आईशी पुन्हा जुळणारे बोलणे, आणि विश्वासाने ऐकणारे कोणी तरी. या गोष्टी लिहिता न येणाऱ्या मुलालाही देता येतात.

आपल्या भागात याचा विचार विशेष करावा लागेल. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे लातूर-नांदेडच्या वसतिगृहांत आणि खोल्यांत गावोगावची सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली दर साल येतात. त्यांतील काहींना घरापासूनचे हे अंतर प्रथमच मोकळा श्वास देते. काहींच्या बाबतीत वडिलांची सत्ता गुणपत्रिकेच्या व रोजच्या दूरध्वनीच्या रूपाने खोलीपर्यंत येऊन पोहोचते. वार्षिक सुटी जवळ येताच एखादे मूल गप्प होत जाते, हे पाहण्यास मानसशास्त्राची पदवी लागत नाही. अशा वेळी शिक्षकाने उपदेश करू नये, घरी परस्पर कळवू नये. प्रथम ऐकावे, मूल सुरक्षित आहे काय एवढे पाहावे, आणि गरज दिसल्यास १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी किंवा जिल्ह्याची बालकल्याण समिती यांची वाट दाखवावी.

कविता महाजन या नांदेडात जन्मलेल्या लेखिकेने आपल्या २००५ च्या कादंबरीला 'ब्र' हे नाव दिले. ब्र काढू नये, असे मराठी घरात स्त्रीला आणि मुलाला सांगितले जाते. त्या निषिद्ध अक्षरालाच तिने ग्रंथनाम केले. या एका अक्षराच्या उच्चारास लक्ष्मीबाईंना साठ वर्षे लागली, बेबीताईंना वीस वर्षे कागद दडवावे लागले. आपल्या वर्गातल्या विद्यार्थ्याला किती लागतील हे काही अंशी आपण त्याच्यासमोर हे ग्रंथ कसे वाचतो यावर अवलंबून आहे. 'त्या काळी असे चालायचे' हे वाक्य निदान आपल्या अध्यापनातून गेले, तरी या लेखाचे काम झाले असे प्रस्तुत लेखक मानील.